मूठ आणि मर्यादा

खंडेनवमीच्या सकाळी जालना शहरात आणि जिल्ह्यातील गावागावांत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत लेथ यंत्रे पुसून लख्ख केली जातात आणि त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातात. शेतकऱ्याच्या घरी विळा, कोयता, कुऱ्हाड आणि नांगराचा फाळ पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. ज्या घरात पूर्वजांची एखादी तलवार अथवा परवान्याची बंदूक आहे, तेथे तीही त्याच पाटावर, अवजारांच्या शेजारी ठेवली जाते. शस्त्र आणि अवजार यांची एकाच दिवशी, एकाच पाटावर पूजा करणारा हा समाज आहे. पूजेपूर्वी दोहोंवरचा गंज काढायचा, तेलपाणी करायचे, मूठ सैल झाली असेल तर ती घट्ट बसवायची आणि मगच फूल वाहायचे, अशी ही रीत. जे हाती घ्यायचे त्याची आधी निगा राखावी, त्याचे बलाबल ओळखावे आणि त्याच्यापुढे नम्र व्हावे, हा संस्कार त्या रीतीमागे आहे.

याच जिल्ह्यातील तरुणांच्या हातातील मोबाइलवर मात्र अलीकडे निराळेच शस्त्रपूजन चालू असते. कमरेला पिस्तूल खोचलेला एखादा ‘भाई’, मागे मोठ्या आवाजातील गाणे आणि खाली शेकडो शाबासक्या. मिसरूड फुटलेले पोर ती चित्रफीत पाहते, आणि कोठून तरी मिळवलेला गावठी कट्टा हाती धरून स्वतःची तशीच चित्रफीत काढते. पुढची पायरी पोलीस ठाण्याची असते. राज्याच्या कोणत्याही जिल्ह्यातील वृत्तपत्र उघडावे, कट्टा आणि जिवंत काडतुसांसह तरुणास अटक झाल्याची बातमी आठवड्या-पंधरवड्यात दिसतेच. शस्त्राला फूल वाहणाऱ्या समाजातील मुलगा शस्त्राविषयी इतका अडाणी आणि इतका उथळ कसा झाला, हा प्रश्न केवळ पोलिसांवर सोपवून चालणार नाही.

हौस आणि तिचा अनुभव

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, अंगावर बाळगता येईल असे आटोपशीर पिस्तूल घेऊन त्यात आपल्या हाताप्रमाणे फेरफार करून घेणे हा एक मोठा छंद झाला आहे. कोणी मुठीच्या पट्ट्या बदलतो, कोणी नेम धरण्याची खूण ठळक करून घेतो, कोणी चाप हलका करतो, तर कोणी कमरेचे म्यान कातड्यातून मापाप्रमाणे शिवून घेतो. या छंदाच्या चित्रफिती आपल्याकडील तरुणही आवडीने पाहतात. त्यातील झगमगाट तेवढा त्यांच्या ध्यानात राहतो. परंतु या छंदात मुरलेल्या माणसांचा अनुभव बारकाईने पाहिला, तर त्यातून निघणारा धडा झगमगाटाच्या अगदी उलट आहे.

आटोपशीर पिस्तूल लपवण्यास सोपे आणि चालवण्यास अवघड असते. त्याची मूठ आखूड असल्याने करंगळीला आधार मिळत नाही. वजन कमी असल्याने गोळी सुटताच बसणारा धक्का हाताला अधिक जाणवतो. सर्वांत मोठी अडचण नेमाची. पिस्तुलाच्या मागच्या खाचेतून पुढची माशी पाहून नेम धरला जातो. या दोन खुणांमधील अंतर जितके कमी, तितकी हाताची चूक मोठी होऊन लक्ष्यावर उमटते. साधे त्रैराशिक मांडून पाहावे. दोन खुणांत ३२ सेंटिमीटर अंतर असताना माशी एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी सुमारे ३१ मिलिमीटर भरकटते. हेच अंतर १६ सेंटिमीटर असेल, तर तेवढ्याच चुकीने गोळी सुमारे ६२ मिलिमीटर बाजूला जाते. शस्त्र अर्धे झाले की चूक दुप्पट होते. चित्रपटातील नायक धावता धावता खिशातून पिस्तूल काढून अचूक वेध घेतो, ते केवळ पडद्यावरच.

मग हौशी माणूस मुठीला खरबरीत पट्टी लावतो, करंगळीसाठी आधार जोडतो आणि चाप गुळगुळीत करून घेतो. काही काळ त्याला वाटते की, आता नेम बसेल. तो सरावाच्या मैदानावर जातो आणि गोळ्या पुन्हा इकडेतिकडे विखुरतात. शेवटी त्याच्या ध्यानात येते की, खरा फेरफार स्वतःच्या हातात, श्वासात आणि मनात व्हावयास हवा. चाप ओढताना बोट दचकू नये, श्वास अर्ध्यावर स्थिरावा, मनात घाई नसावी. यासाठी हजारो वेळा तीच कृती करावी लागते. पैशाने घेतलेले सुटे भाग थोडी मदत करतात, उरलेले सारे काम साधनेचे असते. ज्याने खरोखर हे सारे केले, तो माणूस पिस्तूल मिरवत नाही. त्याला त्या वस्तूचे भय नसते, पण तिचा धाक असतो.

खेळाने घालून दिलेली चौकट

हा धडा नेमबाजीच्या खेळाने नियमांत बांधून ठेवला आहे. दहा मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत लक्ष्याच्या मध्यभागी असलेले दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे असते. त्यावर साठ वेळा नेम धरायचा असतो. खेळाडूला मूठ आपल्या पंजाप्रमाणे घडवून घेण्याची मुभा आहे. अक्रोडाच्या लाकडाची मूठ आणायची, ती पंजात धरून पाहायची, जेथे टोचते तेथे कानशीने घासायची, जेथे पोकळी राहते तेथे लांबी भरायची, असे हे काम महिनोन्महिने चालते. परंतु या मुभेलाही मर्यादा आहेत. पिस्तूल दीड किलोपेक्षा जड असू नये. ते ४२० मिलिमीटर लांब, २०० मिलिमीटर उंच आणि ५० मिलिमीटर रुंद पेटीत मावले पाहिजे. मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. चाप ५०० ग्रॅम वजनापेक्षा हलका नसावा, आणि पंचवीस मीटरच्या पिस्तुलासाठी हीच मर्यादा १००० ग्रॅमची आहे. स्पर्धेपूर्वी हे सारे मोजून तपासले जाते. आपल्या हातासारखे शस्त्र घडवण्याचे स्वातंत्र्य आणि त्या स्वातंत्र्याला मोजून घातलेली चौकट, दोन्ही तेथे एकत्र नांदतात.

महाराष्ट्राच्या लेकींनी या चौकटीत राहून जग जिंकले आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिने २०१० साली म्युनिक येथे रायफल प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. कोल्हापूरच्याच राही सरनोबत हिने २०१३ साली चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकावले, आणि २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत नेमबाजीतील सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीसारख्या खेड्यातून आलेल्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल प्रकारात कांस्यपदक आणले. ही सर्व मध्यमवर्गीय, शेतकरी आणि शिक्षकी घरांच्या मुशीतील मुले आहेत. कोल्हापूरच्या मातीत जे पिकते, ते गोदावरी आणि पूर्णेच्या खोऱ्यात पिकू नये असे काही नाही. तेथे तालीम, मैदान आणि मार्गदर्शक यांची परंपरा टिकली. मराठवाड्यात ती उभी राहिली नाही, इतकाच फरक आहे.

शस्त्राची अंतर्गत रचना जाणणारा कारागीर पाठीशी असणे किती मोलाचे असते, हे २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसले. मनू भाकर हिच्या पिस्तुलाची एक कळ ऐन स्पर्धेत तुटली, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके घेऊन परतली. एवढ्या मोठ्या खेळाडूचे वर्षानुवर्षांचे श्रम एका बारीक सुट्या भागावर टांगलेले असतात. म्हणून ज्या देशाला वेधक हवेत, त्या देशाला शस्त्रांचे कारागीरही हवेत.

असईच्या रणभूमीचा दाखला

असे कारागीर या भूमीत नव्हते काय? मराठ्यांच्या धोपेची मूठ पाहावी. बोटांच्या रक्षणासाठी परज, आणि गरज पडल्यास दुसरा हात लावता यावा म्हणून मुठीच्या टोकाला काढलेला गज. तलवार हाताला कशी बसावी याचा विचार करणाऱ्या लोहारांची आणि शिकलगारांची ती कारागिरी होती. शस्त्राला पाणी देणे, धार लावणे, मूठ बसवणे, म्यान घडवणे यावर गावोगावी कुटुंबे पोसली जात.

तोफेच्या बाबतीत तर जालना जिल्ह्याच्या भूमीवरच साक्ष आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी कैलना आणि जुई या नद्यांच्या दुआबात असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेशी गाठ पडली. पुढे वॉटर्लू येथे नेपोलियनला हरवणारा आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजलेला हाच सेनापती. शिंद्यांच्या तोफा उत्तम ओतीव होत्या आणि गोलंदाज इतके निष्ठावान की, अनेकांनी तोफेपाशीच प्राण ठेवला. त्या माऱ्यात इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक सैनिक मारले गेले वा जखमी झाले. तरीही दिवस इंग्रजांचा ठरला आणि सुमारे शंभर तोफा त्यांच्या हाती पडल्या. शस्त्रात खोट नव्हती, ते चालवणाऱ्या हातातही नव्हती. वेळीच एकवटलेले नेतृत्व आणि त्या नेतृत्वाची शिस्त नव्हती. असईचा हा धडा खिशातील पिस्तुलापासून रणांगणातील तोफेपर्यंत सारखाच लागू आहे. शस्त्र कितीही हाताला बसलेले असो, त्यामागे संयमी मन आणि संघटित समाज नसेल तर ते अखेरीस परक्याच्या हाती जाते.

त्यानंतर शस्त्रे गेली आणि शस्त्रांची विद्याही गेली. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराने हादरलेल्या इंग्रजांनी निःशस्त्रीकरणाचा सपाटा लावला, आणि लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली शस्त्रकायदा आला. गोऱ्यांना मोकळीक आणि भारतीयांना परवाना, असा तो उघड पक्षपात होता. अहिंसेचे उपासक महात्मा गांधी यांनीही या कायद्यावर कठोर टीका केली होती. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने संमत केलेल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद केलेला आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकीकरणाचा आग्रह धरला, तर धर्मवीर डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिक येथे भोसला सैनिकी शाळा सुरू केली. विचारांनी परस्परांपासून दूर असलेल्या या मंडळींचे एका गोष्टीवर एकमत होते. शस्त्रापासून तोडलेला समाज दुबळा होतो, आणि दुबळेपणातून भय व भयातून अविवेक जन्मतो.

मराठवाड्याने तर हे प्रत्यक्ष भोगले आहे. येथे इंग्रजांऐवजी निजामाची राजवट होती, तरी प्रजेची स्थिती निराळी नव्हती. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या हाती शस्त्रे होती आणि गावकरी बहुतांशी रिकाम्या हातांचे होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेनेने तो अंधार संपवला. सुटका झाली ती शिस्तबद्ध, राष्ट्रनिष्ठ सेनेमुळे, हेही विसरून चालणार नाही.

कायदा काय सांगतो?

स्वतंत्र भारताच्या घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत असावा, अशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. गुन्हेगाराच्या हातीही हाच हक्क जाईल, हा त्यांचा आक्षेप व्यवहाराला धरून होता. मूलभूत हक्काच्या जागी परवान्याची पद्धत राहिली आणि १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम झाला. आज देशात हाच कायदा २०१६ च्या नियमांसह आणि २०१९ च्या दुरुस्तीसह लागू आहे.

या कायद्याची ओळख प्रत्येक तरुणाला आणि त्याच्या पालकांना असावयास हवी. लष्कर आणि पोलीस वापरतात त्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा व्यास सामान्य नागरिकास प्रतिबंधित आहे, म्हणून परवानाधारकाच्या हाती बहुधा .३२ व्यासाचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल दिसते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मुभा राहिली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. फेरफारांविषयी कायद्याची भाषा स्पष्ट आहे. परवान्याविना नळी आखूड करणे, नकली शस्त्राला खऱ्याचे रूप देणे अथवा एका वर्गातील शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलणे हा गुन्हा आहे. शस्त्र घडवण्याचा वा दुरुस्त करण्याचा उद्योगही परवान्याविना करता येत नाही. विनापरवाना शस्त्रनिर्मितीची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात आणला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वर गेलेली गोळी कोठेतरी खाली येते आणि ती पाहुण्यारावळ्यांत भेद करीत नाही.

येथे गंमत अशी की, कायद्याने कारागिरीवर जेवढी बंधने आहेत, तेवढीच ती कारागिरी अंधारात फोफावली आहे. जळगाव जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टी गावाचे नाव पोलीस दफ्तरात वारंवार येते. तेथून निघणारी गावठी पिस्तुले महाराष्ट्रभर पोहोचतात. ती घडवणारे हात पिढीजात शस्त्रकारागिरांचे आहेत. सामान्य हत्यारे, एक भाता आणि हातातील कसब यांवर ते पिस्तूल उभे करतात. या कसबाला प्रतिष्ठेचा आणि कायदेशीर रोजगार मिळाला असता, तर हेच हात राष्ट्राच्या कामी आले असते. आज मात्र त्यातून निघते ती ठोकून-ठाकून केलेली नळी, जी शत्रूइतकीच वापरणाऱ्याच्याही हातात फुटू शकते. कसब असलेल्या एखाद्या समाजघटकाला सरसकट गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणारा नाही. ते आपलेच बांधव आहेत, आणि त्यांच्या मुलांना अंधारातून बाहेर काढणे ही आपल्याच समाजाची जबाबदारी आहे.

पोलादनगरीने काय करावे?

‘जालना सोने का पालना’ अशी या शहराची जुनी ओळख. आता ते बियाण्यांचे आणि पोलादाचे शहर आहे. येथील भट्ट्यांतून निघणाऱ्या सळ्या दूरदूरच्या इमारतींत जातात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम करणारे लेथ कारागीर येथे आहेत, तंत्रशिक्षण घेतलेली मुले आहेत. कारागिरीला शिस्तीची जोड दिली तर काय होते, याचे उदाहरण पुण्यातच घडले. महू येथील इन्फंट्री स्कूल आणि संरक्षण संशोधन संघटनेची पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन प्रयोगशाळा यांनी मिळून लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्या पुढाकाराने ‘अस्मी’ हे नऊ मिलिमीटरचे मशीन पिस्तूल अवघ्या चार महिन्यांत घडवले आणि जानेवारी २०२१ मध्ये ते देशापुढे आले. वरचा सांगाडा विमानाच्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन तंतूचा, आणि चापाचे काही भाग धातूच्या त्रिमितीय छपाईने केलेले. सैनिकाच्या हाताला काय हवे हे जाणणारा सैनिक आणि धातूला काय सोसते हे जाणणारा तंत्रज्ञ एकत्र आले, तेव्हा हे घडले. नागरी वापरासाठीही कानपूरला २०१४ साली ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे आणि २०२३ साली ‘प्रबल’ हे रिव्हॉल्व्हर तयार झाले. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा आयुध कारखाना तर लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठीच प्रसिद्ध आहे. मराठवाड्याच्या उंबरठ्यावर हे सारे असताना येथील तरुणाला शस्त्राची ओळख कट्ट्यावरूनच का व्हावी?

यासाठी तीन गोष्टी शक्य आहेत. पहिली, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एअर पिस्तुलाचे दहा मीटरचे सरावगृह. त्याला फार मोठी जागा लागत नाही, शाळेचा एखादा लांबट हॉलही पुरतो. खर्च गावातील कारखानदार आणि सहकारी संस्था सहज उचलू शकतील. दुसरी, शस्त्रदुरुस्तीच्या कौशल्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत अधिकृत स्थान. परवाना, पोलीस पडताळणी आणि कडक नोंदवही यांच्या कक्षेत राहून मूठ घडवणारे, चाप तपासणारे, शस्त्राची सुरक्षितता पारखणारे कुशल हात तयार व्हावेत. खेळाडू, सुरक्षादले आणि आयुध उद्योग यांना त्यांची गरज आहे. शासनाने या कामाकडे केवळ संशयाच्या दृष्टीने पाहणे सोडावे. तिसरी गोष्ट समाजाने स्वतः करावयाची आहे. लग्नाची वरात, वाढदिवसाचा फलक आणि मोबाइलची चित्रफीत यांतून शस्त्राचे प्रदर्शन बंद झाले पाहिजे. ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याला मोठा मानण्याची वृत्ती आधी घराघरांतून हद्दपार व्हावी.

ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे, त्या कुटुंबांवर तर विशेष जबाबदारी आहे. शस्त्र रिकामे करून कुलपात ठेवावे, काडतुसे निराळ्या जागी ठेवावीत आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाती लागू नयेत. शस्त्र नेहमी भरलेलेच आहे असे समजून हाताळावे. त्याचे तोंड कधीही माणसाकडे नसावे. नेम निश्चित होईपर्यंत बोट चापावर नसावे, आणि लक्ष्याच्या पलीकडे काय आहे हे पाहिल्यावाचून गोळी झाडू नये. हे चार नियम मुलांना पाठ करून घेतले पाहिजेत. ज्या आईने विळीवर भाजी चिरताना लेकराला ‘हात सांभाळ’ म्हणून शिकवले, तिला हे निराळे सांगावे लागणार नाही.

याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. समर्थांनी गावोगावी मारुतीची मंदिरे उभारली आणि त्या मंदिरांसमोर तरुणांच्या शरीराला व मनाला वळण लावले. मारुती हा बळाचा देव, परंतु तो रामाच्या चरणाशी बसलेला असतो. त्याची गदा खांद्यावर आहे आणि हात जोडलेले आहेत. बळ आणि दास्य, सामर्थ्य आणि मर्यादा यांचे असे सुंदर चित्र जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल. शस्त्राची मूठ आपल्या पंजाला बसवून घेणे हे कारागिराचे काम आहे. तो पंजा मर्यादेला बसवून घेणे हे साधकाचे काम आहे. पहिले काम पैशाने होते आणि दुसरे संस्कारानेच होते.

येत्या खंडेनवमीला जालन्यातील पाटांवर पुन्हा विळे, कोयते आणि परवान्याची शस्त्रे मांडली जातील. त्या पाटापुढे घरातील मुलगा उभा राहील, तेव्हा वडिलांनी त्याला केवळ फूल वाहायला न सांगता त्या शस्त्राची कथा सांगावी. ते कोणी घडवले, ते कशासाठी आहे आणि ते केव्हा मुळीच उचलायचे नसते, हेही सांगावे. ज्या घरात हे सांगितले जाईल, त्या घरातील मुलाला कमरेला कट्टा खोचून मोठे होण्याची गरज भासणार नाही. तो दहा मीटरवरील साडेअकरा मिलिमीटरच्या वर्तुळाकडे स्थिर नजरेने पाहील, आणि तेथपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारी सारी वर्षे शांतपणे देईल. विजयादशमीचे खरे सीमोल्लंघन तेच आहे.